एक्केचाळिसाव्या अंकातला धनराज

मूलच्या राइस मिलमध्ये धनराज गुरनुलेच्या दाढेला मान होता. धानाची गाडी फाटकाशी लागली की पोत्यात लोखंडी नळी खुपसायची, मूठभर धान काढायचं, तळहातावर चोळून फुंकायचं आणि दोन दाणे दाढेखाली फोडून सांगायचं, ओल किती आहे आणि भरडताना तांदूळ मोडेल किती. मशीनही नंतर तेच सांगायचं, फक्त वीज खाऊन. पंचवीस वर्षांत ही दाढ चुकली नव्हती. फाटकाबाहेर मात्र धनराजला चांगल्या-वाइटातलं काही कळत नाही, असं त्याच्या बायकोचं, वच्छलाचं, ठाम मत होतं. आणि पुरावा म्हणून ती खाटेखालच्या लोखंडी पेटीकडे बोट दाखवायची.

त्या पेटीत 'उल्कावीर'चे चाळीस अंक होते.

उल्कावीर म्हणजे दिल्लीच्या प्रचंड कॉमिक्स कंपनीचा, उल्केतून पृथ्वीवर पडलेला, निळी चड्डी घालून हिंदी बोलणारा वीर. धनराजच्या लहानपणी मूलच्या बसस्टँडवर एका पानठेल्यात ही पुस्तकं दोरीला टांगलेली असत आणि भाड्यानं वाचायला मिळत. नऊ वर्षांच्या धनराजनं पहिला अंक एकदा उभ्यानं वाचला, एकदा बसून वाचला, आणि तिसऱ्यांदा वाचायला म्हणून घेतला तो घेऊन पळाला. पुढचे अंक त्यानं रीतसर घेतले, मोहाची फुलं वेचून, विकून. चाळिसाव्या अंकात उल्कावीर ज्वालामुखीच्या तोंडावर एका बोटानं लोंबकळत होता. खाली लिहिलं होतं, 'क्या उल्कावीर बचेगा? अगले अंक में पढ़िए.' आणि पुढच्या महिन्यात कंपनीच बुडाली.

सत्तावीस वर्षं उल्कावीर त्या बोटावर होता. एवढ्या काळात धनराजचं लग्न झालं, मुलगी झाली, बाप गेला, डोक्यावरचे केस गेले. पण जेवताना मध्येच घास थांबला तर वच्छलाला कळायचं, याला बोट आठवलं.

"पडला का नाई गा तो अजून?" मिलचे दिवाणजी भैयाजी रोज हजेरी घेता घेता विचारायचे.

"पडत नसते जी तो."

"मंग बोट तरी सडलं असन. पाह्य एखांद्या डॉक्टरले इचारून."

हमाल हसायचे. धनराजही हसायचा, पण जरा उशिरा.

मग चार वर्षांपूर्वी कंपनी पुन्हा जिवंत झाली, आणि मेली होती तेव्हाच बरी होती असं चाहत्यांना वाटू लागलं. तिनं काढलं ते काय? तर इतर वीरांच्या जुन्याच गोष्टी, गुळगुळीत कागदावर, पुठ्ठ्याच्या बांधणीत, तांदळाच्या पोत्याच्या भावात. एकाच अंकाला चार वेगवेगळी मुखपृष्ठं, म्हणजे खऱ्या चाहत्यानं चारही घ्यावीत. सोबत फ्रिजला चिकटवायचं चुंबकाचं चित्र फुकट. रंग कॉम्प्युटरनं भरलेले, त्यामुळे सगळे वीर कावीळ झाल्यासारखे पिवळे. तारीख दिली की ती पुढे जाणार, हे नक्की. 'प्रचंड के पागल' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर देशभरातले दोनशे अकरा वेडे सकाळी उठून आधी कंपनीला शिव्या घालत, मग दात घासत. लुटारू, कसाई, आमच्या बालपणाचे दलाल. आणि आगाऊ नोंदणी उघडली की हेच दोनशे अकरा जण पहिल्या पाव तासात सगळा माल उचलत. आणि माल संपला म्हणून कंपनीला नव्यानं शिव्या पडत. धनराजही मागे नव्हता. एकदा त्यानं संतापून 'यापुढे प्रचंडचं एकही पुस्तक घेणार नाही' असं ग्रुपवर जाहीर केलं आणि त्याच दुपारी चारही मुखपृष्ठं मागवली. घरात फ्रिज नव्हता. चुंबकं त्यानं पेटीला चिकटवली.

उल्कावीर मात्र कंपनीला छापता येत नव्हता. त्याची मूळ पानं दिल्लीतल्या एका तळघरात ठेवली होती आणि पावसाळ्यात तिथं पाणी शिरलं होतं. तेव्हा कंपनीनं जाहीर केला 'महाउपहार'. जो कोणी पहिले चाळीस अंक सलग, एकही पान न गळता, घेऊन येईल, त्याच्याकडून कंपनी ते स्कॅन करून घेईल. बदल्यात एक्केचाळिसाव्या अंकात त्या वाचकाचं चित्र निघेल, त्याच्याच चेहऱ्यासकट. ज्वालामुखीतून सुटलेला उल्कावीर पहिला जीव वाचवेल तो त्याचा. आणि चित्र काढणार खुद्द जी. राव, ज्यांनी चाळीसही अंक काढले होते.

हे जी. राव तेलुगू असावेत अशी ग्रुपची समजूत होती. ते निघाले गुणवंतराव, चंद्रपूरचे. शहात्तर वर्षांचे झाले होते, गुडघे गेले होते, दिल्लीला जाणं जमत नव्हतं. म्हणून कंपनीच चंद्रपूरला येणार होती.

धनराजनं ते वाचलं आणि फोन हातात धरून चुलीपाशी जाऊन उभा राहिला.

"वच्छला, उल्कावीर मले वाचवणार हाय."

"कोनापासून?"

"ते त्यायनं ठरवाचं हाय."

"मंग माह्यापासून वाचवाले सांगजा. तेवढा एकच धोका हाय तुमाले." वच्छलानं भाकर उलटली. "अन् पुस्तकात तरी आंघोळ करून जाजा."

सबंध देशात चाळीस अंक सलग राखलेला माणूस एकच निघाला. भोपाळवाल्याचा सातवा अंक उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्ला होता, लखनौवाल्याची सगळीच पेटी आईनं रद्दीत घातली होती, जबलपूरवाल्याच्या अंकांचा तर चोथा झाला होता. मूलसारख्या गावात, जिथं उधई घराचं दार खाऊन उंबऱ्यावर ढेकर देते, तिथं धनराजचे अंक टिकले कसे, हे ग्रुपनं परोपरीनं विचारलं. धनराज नुसता हसरी चित्रं पाठवत राहिला. घराण्याचं गुपित होतं ते.

गुपित म्हणजे बिब्बा. धनराजची आई गिरजाबाई पोंभुर्ण्याकडची. जंगलातून ती दरवर्षी बिब्ब्याची काळी फळं आणायची. गरम सळई टोचली की त्यातून तेल गळतं, काळं, चिकट. कातडीला लागलं तर फोड येतात, सूज येते, माणूस आठवडाभर ओळखू येत नाही. पण उधई त्या वाटेला फिरकत नाही. गिरजाबाई ते तेल खाटेच्या पायांना लावायची, धानाच्या ढोलीला लावायची, दाराच्या चौकटीला लावायची. पोराचा पुस्तकांवर जीव पाहून तिनं एका पावसाळ्याआधी पुस्तकांच्या पाठीलाही लावलं. तेव्हापासून दरवर्षी मायलेक मिळून चाळीस अंकांना बिब्बा चोपडत. गिरजाबाईचे हात वयाच्या सातव्या वर्षापासून बिब्ब्यात होते, धनराजचेही त्याच वयापासून. दोघांनाही साधी खाज सुटत नसे. वच्छला पेटीला शिवत नसे, ते पुस्तकांच्या रागानं असं धनराज समजत होता.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी धनराजनं विचार केला, एवढा मोठा कलाकार, एवढी मोठी कंपनी, पुस्तकं कशी तकतकीत दिसली पाहिजेत. आणि त्यानं एक जादा हात मारला. पाठीला तर मारलाच, पानांच्या कोपऱ्यांनाही मारला.

"जास्त नाई झालं का गा?" गिरजाबाईनं विचारलं.

"माय, देशात एक नंबर आलो मी."

"मंग लाव."

मेळावा लग्नाच्या लॉनवर होता. आदल्या दिवशीच्या लग्नातलं 'शुभविवाह' अजून कमानीवर होतं. आलेल्या प्रत्येकाला एक कॉमिक फुकट होतं. त्यासाठी चाहत्यांनी तासभर रांग लावली, धक्काबुक्की केली, नागपूरच्या एकाचा चष्मा फुटला. हाती आलं ते आठ पानांचं, त्यातली सहा पानं जाहिरातींची. लोक जिथं उभे होते तिथंच शिव्या देऊ लागले आणि शिव्या देत देत दुसरं घ्यायला पुन्हा रांगेत लागले.

मंचावर खुर्चीत गुणवंतराव बसले होते. पांढरा सदरा, बारीक मान, आणि मांडीवर ठेवलेला उजवा हात, लांब बोटांचा. कंपनीच्या रीना मॅडम दिल्लीहून आल्या होत्या. त्यांनी माइकवरून धनराजला बोलावलं. धनराज पेटी डोक्यावर घेऊन मंचावर चढला.

गुणवंतरावांनी पहिला अंक उचलला. कंपनीनं त्यांना कधी एकही प्रत दिली नव्हती. स्वतः काढलेली पानं ते तीस वर्षांनी पाहत होते. त्यांनी बोट जिभेला लावून पान उलटलं. पुन्हा बोट जिभेला, पुन्हा पान. असे चाळीसही अंक, पानन् पान. धनराज शेजारी उभा राहून त्या बोटाकडे डोळे भरून पाहत होता. बाराव्या अंकाशी म्हाताऱ्यानं पुस्तक गालाला लावलं. एकोणिसाव्याशी वास घेतला. तेविसाव्यात उल्कावीराची आई मरते, तिथं गुणवंतरावांना रडू आलं आणि त्यांनी त्याच बोटांनी दोन्ही डोळे पुसले.

"एवढं कोनी जपलं नव्हतं गा," ते म्हणाले. "माह्या पोरायनं मले नाई जपलं एवढं."

"तुमची किरपा जी."

"असा काढतो तुले, पाह्यजो. लोक तुहं नाव घेतीन."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. धनराज परतीच्या एसटीत मूलपर्यंत उभा आला. बसायला जागा होती, पण त्याला बसवेना.

तिसऱ्या दिवशी रीना मॅडमचा फोन आला. "राव सर अस्पताल में हैं. आपने किताबों पर लगाया क्या था?"

धनराजनं फोन ठेवला आणि तो कट्ट्यावर बसला. भैयाजींनी विचारलं, काय झालं. धनराजनं सांगितलं. भैयाजी एवढे हसले की त्यांना पाणी पाजावं लागलं. हमाल जमले, त्यांना सांगण्यात आलं, तेही हसले. धानाच्या गाडीवरून आलेला शेतकरी हसला. एकूण अर्धा तास मिल बंद होती.

गिरजाबाईनं खोबरेल तेलात तीळ वाटून दिले. उताराच होता तो, जंगलातला. डबी घेऊन धनराज चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचला.

पलंगावर उशीला टेकवून एक भोपळा ठेवला होता. भोपळ्याला ओठ होते, केळ्याएवढे. डावा डोळा पुरता मिटलेला, उजव्याला नुसती फट. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्ट्या.

"कोन हाय?" भोपळ्यानं विचारलं.

"मी जी. धनराज. मूलचा. चाळीस अंकवाला."

"का लावलं होतं बे?"

"उधई लागू नये म्हनून जी… बिब्बा."

गुणवंतराव चंद्रपूरचेच. त्यांना बिब्बा काय ते सांगावं लागलं नाही. "माही माय," ते सावकाश म्हणाले, कारण ओठ मिटत नव्हते, "मले बिब्ब्याच्या झाडाखालून जाऊ देत नव्हती. म्हने तुह्या हातात कला हाय. सत्तर वर्षं, बे, सत्तर वर्षं मी हा हात जपला. सायकल नाई चालवली. इळा नाई धरला. बायकोले पोळपाट उचलून नाई देल्ला. आन् तू…"

"मले काईच नाई होत जी बिब्ब्यानं," धनराज अपराधी स्वरात म्हणाला.

"तुले काऊन होईन!"

धनराजनं डबी टेबलावर ठेवली. माफी मागितली, दोनदा मागितली, पाया पडला. आता निघावं एवढं त्यालाही कळत होतं. शेजारी सिस्टर पट्टी गुंडाळत उभी होती. धनराजनं दाराच्या कडीला हात लावला, आणि वळला. सत्तावीस वर्षं वाट पाहिलेला माणूस होता तो. त्याच्यानं राहवलं नाही.

"मंग जी… एक्केचाळिसावा कवापर्यंत होईन?"

सिस्टरच्या हातातली पट्टी थांबली. गुणवंतरावांची उजवी फट हळूहळू रुंद झाली. आत एक लालभडक डोळा होता आणि तो धनराजवर येऊन थांबला.

"इकडं ये," ते म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला होता. "खिडकीपाशी उभा राह्य. उजेडात."

धनराज उभा राहिला.

"तोंड वळव. आता तिकडं. कान दाखव. हं. हास."

धनराज हसला.

"दात दाखवून हास. बस. तसाच राह्य."

पाव तास तो डोळा धनराजच्या नाकावरून, कानांवरून, किडक्या पुढच्या दातावरून फिरत राहिला. धनराजच्या गालांना रग लागली, पण तो हलला नाही. कलाकाराची तळमळ किती, हातात पट्ट्या असताना चित्र सुचतंय, असं वाटून त्याला भरून आलं.

"जा आता," गुणवंतराव म्हणाले. "पाठ झाला तू मले."

पुढचे आठ महिने धनराजनं त्या वाक्यावर काढले. कंपनीनं दवाखान्यातल्या भोपळ्याचा व्हिडिओ लोकांत सोडला. तो एवढा चालला की रीना मॅडमना बढती मिळाली. एक्केचाळिसाव्याची तारीख तीनदा पुढे गेली. ग्रुप कंपनीला शिव्या देत होता आणि धनराज एकटा समजावत होता, हात बरा होऊ द्या, हात बरा होऊ द्या. शेवटी अंक निघाला. विजेत्याला फुकट प्रत द्यायची तरतूद महाउपहाराच्या नियमांत नव्हती, असं कंपनीनं कळवलं. धनराजनं नोंदणी करून घेतला.

पाकीट मिलवर आलं. भैयाजींनी कात्री दिली. हमाल, ट्रकवाले, दोन शेतकरी भोवती उभे राहिले. जेवणाचा डबा घेऊन आलेली वच्छलाही थांबली.

पहिल्या तीन पानांत उल्कावीर वाचला. बोट सरकलं, दुसरा हात कड्याला लागला, तो वर आला. धनराजनं सत्तावीस वर्षांचा श्वास सोडला आणि पान उलटलं.

जंगल होतं. झाडाआडून एक माणूस निघत होता. हातांतून काळं तेल ठिबकत होतं, आणि ज्याला तो हात लावी त्याच्या अंगावर फोड येत होते. नाव होतं 'विषहस्त'. तो दात दाखवून हसत होता.

भैयाजी वाकून म्हणाले, "धनराज, हा तं तू होय गा!"

तोच होता. फोटोत आला नसता एवढा. कानाची दुमडलेली पाळी, टकलाचा आकार, किडका दात, हसताना डावीकडे जाणारं नाक. प्रेमानं काढलेलं चित्र इतकं हुबेहूब कधी येत नाही.

"नाक बराबर आलं," वच्छला म्हणाली.

पुढची सहा पानं उल्कावीर विषहस्ताला मारत होता. झाडाला आपटून मारलं, दगडाला आपटून मारलं, पाय धरून गरगर फिरवलं. 'धरती के कीड़े!' असं उल्कावीर म्हणत होता, ज्याच्यासाठी धनराजनं नवव्या वर्षी चोरी केली होती तोच. शेवटच्या लाथेनं विषहस्ताची दाढ चौकटीबाहेर उडाली होती आणि तो नदीत पडला होता. हमालांनी ते पान तीनदा उलटून पाहिलं. एकानं मोबाइलवर फोटो काढला. संध्याकाळपर्यंत गावात सगळ्यांकडे तो पोचला.

दुसऱ्या दिवसापासून चहावाला धनराजला ग्लासऐवजी कागदी कपात चहा देऊ लागला, लांबून सरकवून. मुंडन, बारसं, जिथं जाईल तिथं पोरं 'विषहस्त आला' म्हणून पळत. धान घेऊन आलेला शेतकरी हात जोडून म्हणे, "भाऊ, दूरूनच सांग ना ओल किती हाय ते." आणि ग्रुपवर दोनशे दहा वेडे आनंदानं नाचत होते. तीस वर्षांत असा खलनायक झाला नव्हता. किती नीच चेहरा, किती ओंगळ हसू! वाह राव साहब! एकानं लिहिलं, अशी माणसं खरोखर कुठं असतात का.

अंकाच्या शेवटच्या पानावर एक कुपन होतं. 'क्या विषहस्त लौटे? हाँ या ना.' कापून पाठवायचं. हो म्हणणारे जास्त निघाले तर विषहस्त पुढच्या प्रत्येक अंकात परत येईल आणि उल्कावीर त्याला नव्यानं मारेल. नाही म्हणणारे जास्त निघाले तर नदीतच मेला. एका प्रतीला एकच कुपन.

आठवड्याभरानं वच्छला बाजारातून आली तेव्हा धनराज ओसरीवर बसला होता. पुढ्यात एक्केचाळिसाव्या अंकाच्या पंचवीस प्रती होत्या, आणि दिवाणजींची कात्री.

"आनखी मार खाचा हाय का?" तिनं पिशवी खाली ठेवत विचारलं.

"खाईन."

"दरमहा?"

"उल्कावीर मारन ना वच्छला. दुसरं कोनी थोडीच."

तिनं पदर खोचला, समोर बसली आणि कात्री घेतली. तुटक रेघेवरून ती फार नेटकं कापायची; त्याच्यापेक्षा नेटकं. एकेक कुपन तो 'हाँ'वर खूण करून बाजूला ठेवत होता. सातव्या कुपनाशी ती थांबली.

"खाली लिहून हाय, क्यों. दस शब्दों में. काय लिहू?"

धनराजनं विचार केला. नदीचं पान पुन्हा काढलं, उजेडात तिरकं धरून पाहिलं, जसा तो धान पाहायचा.

"लिह्य," तो म्हणाला, "लाथ जरा हलकी बसली."